फटफटीचं प्रस्थान

डोणगावच्या रंगरावाला अख्खा हिंदुस्थान फिरायचा होता. त्यातला त्यानं आजवर पाहिला किती? खामगावचा कापसाचा बाजार, बुलढाण्याची कचेरी आणि मेव्हणीच्या लग्नात दुसरबीड. झाला हिंदुस्थान! सेहेचाळीस वर्षांचा बाप्या, दोन्ही पोरी उजवलेल्या, पारावर चार माणसं उठून जागा देतात, आणि आगगाडी पाहिली ती जलंबला, तीही निघून जाताना, पाठमोरी. हे त्याच्या जिवाला लागलं होतं. "मेल्यावर यमानं पुसलं, काय पाह्यलं बे रंगराव, तर काय सांगू? सरकी?" असं तो येईल त्याला विचारायचा.

म्हणून सन अडतीसच्या दिवाळीनंतर खामगावच्या एका कापसाच्या जिनातला गोरा साहेब कायमचा विलायतेला निघाला, तेव्हा रंगरावानं त्याची फटफटी घेतली. डाव्या अंगाला एका माणसाला बसायचा डबा जोडलेली. जिनाच्या आवारात आठ दिवस पडत-झडत चालवायला शिकला, बुलढाण्याहून लायसन काढलं, आणि ती गावात आणली तेव्हा पारावरची अर्धी माणसं पळाली. उरलेल्या अर्ध्यांना पळता येत नव्हतं म्हणून ती बसून राहिली.

मग आखणी सुरू झाली. शाळेच्या मास्तरांकडून हिंदुस्थानचा गुंडाळीचा नकाशा आणून माजघराच्या भिंतीवर टांगला आणि गोधडी शिवायचा लाल दोरा खिळ्याखिळ्यानं त्याच्या कडेकडेनं फिरवला. आधी पूर्वेला नागपुरावरून जगन्नाथपुरी, तिथून समुद्राच्या काठानं खाली रामेश्वर, मग वर मुंबई, पेशावर आणि काशीवरून घरी. देश उजव्या हाताला ठेवायचा, प्रदक्षिणेत देव ठेवतात तसा. एवढ्या वेळात लोकांची लग्नं लागून पोरं होतात, पण रंगरावाचा दोरा काही संपेना.

"मंग समुद्र कोण्या अंगाले राह्यते?" सत्यभामाबाईनं विचारलं. ती त्याची बायको. सुपात तूर घेऊन ती नकाशासमोरच बसायची.

"डाव्या."

"अन् डबा?"

"डबा बी डावाच."

"डब्यात काय?"

"पेट्रोलचे दोन टीन, वळकटी, स्टोव्ह, पंप, डाळ-तांदूळ, चिवडा."

"अन् बाकी जागा?"

"बाकी जागाच नाही वं."

"बरं," ती म्हणाली आणि तूर पाखडू लागली. तिचं 'बरं' म्हणजे बरं नव्हे, हे समजायला कान लागतात, आणि रंगरावाचे कान तेव्हा पेशावरात होते. थोड्या वेळानं ती एवढंच म्हणाली, "मुहूर्त पाहून निघजा. बाकी माह्यं काही म्हननं नाही."

जोशीमहाराज पंचांग घेऊन आले. रंगराव त्यांना देवासारखं मानत नव्हता. माणसासारखं मानत होता की नाही, यावर गावात दोन मतं होती. मुहूर्त निघाला माघ शुद्ध दशमीचा. त्यानंतर दोन महिने एकही दिवस धड नाही, आणि दोन महिन्यांनी चैत्राच्या उन्हात निघायचं म्हणजे पेशावर राहो, मेहकरलाच माणूस भाजून निघेल. अडचण एकच होती. फटफटीचं मागचं टायर फाटलं होतं आणि नवं अजून अकोल्याहून यायचं होतं.

"मंग प्रस्थान ठेवा," महाराज म्हणाले.

ही आपली जुनी सोय. मुहूर्ताला निघणं जमत नसेल तर प्रवासातली एखादी वस्तू, सुपारी म्हणा, उपरणं म्हणा, जायच्या दिशेच्या दुसऱ्या घरी नेऊन ठेवायची. माणूस निघाला असं धरतात. मग त्यानं दहा दिवसांच्या आत खरोखर निघायचं; नाही निघाला तर फेरी मोडली. आणि ठेवलेली वस्तू फेरी पुरी झाल्याशिवाय घराच्या आत आणायची नाही.

"सुपारी कायले?" रंगराव फुगून म्हणाला. "मी का सुपारीवर बसून चाललो? फटफटीच ठेवतो!"

पूर्वेला पहिलं घर गल्लीपलीकडचं, उत्तमरावाचं. पोळ्याला तोरणाखाली कोणाची जोडी आधी उभी राहणार यावरून चार वर्षं दोघांचं बोलणं बंद होतं. पण शत्रूला गोठ्यात बांधायची संधी कोण सोडतो? उत्तमरावानं दार सताड उघडलं. सहा गड्यांनी भरल्या डब्यासकट फटफटी ढकलत नेली. सत्यभामाबाईनं तिला हळदकुंकू लावलं आणि डब्यात वाकून बराच वेळ काहीतरी करत राहिली. रंगरावाला वाटलं, नारळ नीट ठेवते.

हात झटकून तो घरी वळला, तर जोशीमहाराज दारात आडवे.

"कुठी?"

"घरी."

"कोनाच्या? वस्तू ठेवली असती तं मालक घरी राहू शकते. तुमी वाहन ठेवलं. वाहन गेलं म्हंजे मालक गेला. आता फेरी करूनच आत."

सुपारीच्या अपमानाचा महाराजांनी तिथल्या तिथं वचपा काढला होता, हे आंधळ्यालाही दिसत होतं. रंगरावानं आशेनं बायकोकडे पाहिलं. "महाराज म्हंतात तं खरं असन," ती म्हणाली, आणि दार लोटून घेतलं.

अशा रीतीनं हिंदुस्थानच्या फेरीला निघालेला रंगराव पहिल्या दिवशी गल्ली ओलांडून उत्तमरावाच्या ओट्यावर पोचला.

त्याच सांजेला शेजारच्या बायका निवडणं घेऊन सत्यभामाबाईच्या ओट्यावर जमल्या. म्हातारी रुखमाबाई म्हणाली, "रंगराव कुठपरेंत गेला वं?"

अकरा हातांवर रंगराव पाय पसरून बसला होता.

"अकोल्याले पोचले," सत्यभामाबाई म्हणाली. "धरमशाळेत उतरले. ढेकनं लय हायेत म्हने."

"मी इथी बसलो हावो!" रंगराव ओरडला.

"कुत्रं भुकून राह्यलं वाटते," रुखमाबाई म्हणाली, आणि तुरीतला खडा काढून गल्लीत भिरकावला.

झालं, गावाला चटकच लागली. दुसऱ्या दिवशी रंगराव मुर्तिजापुरात वाट चुकला. तिसऱ्या दिवशी अमरावतीला त्यानं अंबादेवीचं दर्शन घेतलं, आणि चौथ्या दिवशी वर्ध्याच्या अलीकडं एका म्हशीला धडकून नालीत पडला. "म्हशीले काही झालं नाही नं?" बायकांनी कळवळून विचारलं. रंगरावाला कोणी विचारलं नाही. तो समोर बसून आंबाडीची भाजी गिळत होता. उत्तमरावाची बायको गीताबाई रोज आंबाडीच करायची, आणि त्याच्या स्वतःच्या घरातून पातोडीच्या रश्श्याचा वास गल्लीभर फिरायचा.

"घ्या रंगराव, आखीन घ्या," उत्तमराव आग्रह करायचा. "परदेशात लाजू नये मानसानं."

पाचव्या दिवशी दुसरबीडचे महादेवराव आले. त्यांना बैल पाहायचा होता. रंगरावाचा एक मारका बैल होता, दोन वर्षं त्यानं जंग जंग पछाडलं तरी कोणी घेत नव्हतं. सत्यभामाबाई दारातूनच म्हणाली, "मालक नागपूरले गेले." महादेवरावांनी वळून समोर दाढी करत बसलेल्या माणसाकडे पाहिलं.

"हे रंगराव नव्हत का?"

"दिसतात तसेच," ती म्हणाली. "पन ते नव्हत."

रंगरावानं तोंडावर साबणाचा आणखी एक थर चढवला. एवढ्याशा चहात तिनं तो बैल महादेवरावांच्या गळ्यात घातला, तोही असा की जाताना महादेवरावच आभार मानत गेले. बैल त्यांच्यामागून गोगलगायीसारखा चालत गेला. हरामखोर!

रंगरावाचा जीव कुठंच लागेना. टायर येईना. रोज मेहकरची मोटार यायची आणि पानाच्या टोपल्या उतरवून निघून जायची. सहा दिवस गेले, सात गेले. दहावा उलटला की फेरी मोडणार, आणि मग उभ्या तालुक्यात तोंड काढायला जागा नाही. घर त्याच्यावाचून छान चाललं होतं, ही दुसरी आग. सालदार तिला विचारूनच कामाला जायचा, ती नकाशा ओट्यावर आणून बायकांना बोटानं रस्ता दाखवायची, आणि फेरी तर रंगरावाहून तीच बरी करत होती. आठव्या दिवसापासून तो ओरडायचा थांबला. सांज झाली की मुकाट्यानं ओट्याच्या कडेला येऊन बसायचा. काय सांगायचं, आज आपण कुठं पोचलो हे त्यालाही ऐकायचं असायचं!

नवव्या सांजेला सत्यभामाबाईनं त्याला जगन्नाथपुरीला नेलं.

"दर्शन झालं. मंग समुद्रावर गेले. बाप्पा, काय पानी वं! आपल्या पैनगंगेले पूर आला तरी पल्याडचं बाभूळ दिसते. इथी पल्याड काहीच नाही. नुसतं पानी, अन् ते बी सारखं उठून येते, जाते, उठून येते, जाते. चपला काढून हातात घेतल्या, लुगडं गुडघ्यापरेंत खोचलं, अन्..."

"लुगडं?" रुखमाबाईनं विचारलं.

सत्यभामाबाईनं नकाशावरची सुरकुती सारखी केली. "धोतर," ती म्हणाली. "धोतर खोचलं अन् पान्यात उभे राह्यले. लय वेळ उभे राह्यले."

बायका हसल्या. रंगराव हसला नाही. सत्तावीस वर्षं झाली लग्नाला. तो खामगावला शंभरदा गेला असेल, तिला एकदाही नेलं नव्हतं. आगगाडी तिनं पाठमोरीसुद्धा पाहिली नव्हती. डबा डाव्या अंगाला, समुद्र डाव्या अंगाला, हे तिनं विचारून घेतलं होतं, आणि आपण तिथं काय बसवलं? पेट्रोलचे टीन! पुरीपासून रामेश्वरापर्यंत टीन समुद्र पाहत जाणार होते. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की गीताबाईनं वाढलेली आंबाडी त्यानं दोनदा मागून खाल्ली.

दहाव्या दिवशी सकाळी मोटारीतून टायर उतरलं. रंगराव आणि उत्तमराव दोघांनी मिळून ते चढवलं, चार वर्षांचं भांडण शिव्यांसकट पंपानं आत भरलं, आणि मग रंगराव डब्याकडे वळला. त्यानं एक टीन काढून गोठ्यात ठेवला. मग दुसरा काढला, वळकटी काढली. आता तो गल्लीत उभा राहून साऱ्या गावादेखत बायकोला म्हणणार होता, चल, तुलाही नेतो. त्या मोठेपणानं त्याची छाती आधीच फुगली होती.

खाली नारळ होता. नारळाखाली, डब्याच्या पार नाकात, एक गाठोडं निघालं. हिरवं लुगडं, दोन चोळ्या, फणी, कुंकवाचा करंडा आणि हळदीत बुडवलेली सुपारी.

गाठोडं घेऊन तो आपल्या दारासमोर गेला. गाव जमलंच होतं. सत्यभामाबाई ओट्यावर उभी होती.

"हे काय वं?"

"माह्यं प्रस्थान," ती म्हणाली. "त्याच मुहूर्ताले ठेवलं."

"मंग दहा दिवस तू घरात कशी? मले काऊन बाहेर ठेवलं?"

"तुमी वाहन ठेवलं. मी वस्तू ठेवली. वस्तू ठेवली तं मालक घरी राहू शकते. महाराजाले पुसा."

जोशीमहाराजांनी घसा खाकरला, इकडंतिकडं पाहिलं, पण स्वतःच दिलेला निकाल स्वतःच कसा फिरवणार? "बरोबर हाये," ते म्हणाले. "अन् आता हे गाठोडं फेरी झाल्याबिगर घरात येत नाही."

रंगरावाची छाती फुगली होती ती बसली. देणारा तो कोण? बाई दहा दिवसांपूर्वीच निघाली होती, त्याला न विचारता. त्याला राग यायला हवा होता, पण त्याला एवढं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला तो सालदारावर उगाच खेकसला.

घराची चावी गीताबाईच्या कमरेला आधीपासूनच होती. सत्यभामाबाई डब्यात बसली, मांडीवर स्टोव्ह, पायाशी एक टीन. गाव मागून ढकलत होतं. शिवेपाशी फटफटीनं दोनदा खोकून दम धरला आणि सुटली. रंगरावानं टोपी दातांत धरली होती. डोणगाव धुरळ्यात मागं पडलं तेव्हा त्यानं ती डोक्यावर घातली.

"काल पुरीले," तो ओरडून म्हणाला, "तू मले समुद्रात उभं केलं. तवा तू कुठी होती?"

"मी? डब्यातच होती की. तुमाले बाजूले पाह्याची सवयच नाही."

रंगरावानं बाजूला पाहिलं. तिनं पदर कानामागं घट्ट खोचला होता आणि ती हसत होती. तो पाहतच राहिला, आणि फटफटी सरळ नालीकडे निघाली.

"आता पुढं पाहा नं!" सत्यभामाबाई किंचाळली.