धूसर तारा, नेमकं माप

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. अंगावरचं रबर सुटू लागलंय, मागचा पडदा अंधूक झालाय आणि फ्लॅशनं तर कधीच मान टाकलीय.

तरुणपणी मी एका फोटोग्राफरच्या गळ्यात मिरवायचो. लग्नात नवरीच्या पापण्या मोजून घ्याव्यात, इतके स्वच्छ फोटो काढायचो. "काय शार्प आहे!" हे ऐकून फुगायचो. मग नवे कॅमेरे आले आणि मी कपाटात जुन्या वायरींशेजारी जाऊन पडलो.

तिथून मला बाहेर काढलं त्याच्या धाकट्या बहिणीनं. तिला एका ताऱ्याचा उजेड मोजायचा होता. तो हळूहळू मंदावतो, मग पुन्हा उजळतो. सगळ्यात मंद कधी होतो, तेच तिला पकडायचं होतं. पण तारा रोज थोडा लवकर मावळत होता. हाती मोजक्याच संध्याकाळी उरल्या होत्या.

गच्चीवर तिनं मला स्टँडवर बसवलं आणि दूरच्या दिव्यावर रोखून माझा फोकस चक्क बिघडवला! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग अंधार पडेपर्यंत ती खाली कणीक मळायला गेली. पुढे रोज हेच चाललं.

पण मापं काही जुळेनात. शेजारचे न बदलणारे तारेही रोज बदलताना दिसायचे.

"याचं वय झालं," ती म्हणाली. "उद्या जमलं नाही, तर परत कपाटात."

दुसऱ्या दिवशी ती पिठाच्या हातांनीच वर आली, तर भाऊ माझ्यावर वाकलेला.

"दादा, काय करतोयस?"

"अगं, रोज फोकस घालवून ठेवतेस! मी आपला गुपचूप थोडा जागेवर आणतो. माझ्या अब्रूचा प्रश्न आहे."

"म्हणजे तू होतास तो!" तिनं कपाळाला हात लावला, कपाळ पांढरं झालं. "अरे, एकाच वाटीत सगळं पाणी ओतलं तर ओसंडून जाणार. सांडलेलं मोजू कसं? तेच बऱ्याच वाट्यांत पसरलं, तर नीट मोजता येतं. ताऱ्याच्या उजेडाचंही तसंच. तो पसरावा म्हणूनच मी फोकस घालवते."

"आणि मी जन्मभर धूसर फोटोवाल्यांना नावं ठेवली," तो पुटपुटला. फोकस पुन्हा बिघडवून त्यानं स्वतःच्या हातानं माझ्या भिंगाच्या कड्यावर चिकटपट्टी लावली.

त्या संध्याकाळपासून शेजारच्या ताऱ्यांची मापं जागची हलली नाहीत. आपला तारा पुढे आणखी मंदावला आणि शेवटच्या संध्याकाळी, समोरच्या पाण्याच्या टाकीआड जाता जाता, किंचित उजळला.

"सापडलास!" ती म्हणाली. ताऱ्याला म्हणाली असेल. मी आपलं माझ्यावर घेतलं.

मित्रांनो, जुनी वस्तू चुकायला लागली, तर तिला लगेच कपाट दाखवू नका. आधी तिच्यावर कोणाचा मायेचा हात फिरतोय, ते बघा.

आणि माझी चिकटपट्टी तेवढी राहू द्या. तारा परत उगवणार आहे.