तिसऱ्या बटणाचा निळा दोरा

मित्रांनो, मी एक जुनी पितळी इस्त्री आहे. कोळशाची. पोटात निखारे, पाठीवर लाकडी मूठ. जन्म जुन्या नाशकातल्या तांबट आळीतला. गेली बावीस वर्षं गंगापूर रोडवर लंकाबाईंच्या टपरीत नोकरी करते. समोर काचेची उंच इमारत आहे. तिच्यात जाणारे निम्मे शर्ट माझ्या तळाखालून गेलेले आहेत.

माणूस ही अचाट वस्तू आहे. सकाळी तो चुरगळलेल्या बनियनवर येऊन "मावशी, जरा लवकर" म्हणतो आणि दहा मिनिटांनी कडक शर्टात त्या काचेच्या दारातून शिरतो, तेव्हा दोन मजले उंच दिसतो. माणूस तोच, फरक चार सुरकुत्यांचा. हे कसं होतं ते मला अजून कळलेलं नाही.

ऑफिसला काय घालावं याचे सल्ले हल्ली मोबाइलवर मिळतात. देवळ्याहून नोकरी शोधायला आलेला योगेश ते पाठ करून यायचा. पट्टा बुटाच्या रंगाचा. मोजे पँटच्या रंगाचे. शर्टाची शिवण खांद्याच्या हाडावरच.

"आन् शर्ट?" लंकाबाई विचारायच्या. त्या हरसूलकडच्या. "त्यो तर एकच हाय तुझ्याकडं."

"पांढरा आहे ना मावशी. पांढरा एक असला तरी चालतो म्हणतात."

त्या इमारतीत त्याची मुलाखत ठरली. साडेदहाची. हा सव्वादहाला टपरीवर. पँट गादीखाली दाबून कडक केलेली, शर्ट हातात. आता निखारे फुलवायचे तर ते टपरीबाहेर, कपड्यांकडे पाठ करून, असा आमचा बावीस वर्षांचा रिवाज. त्या दिवशी घाईत लंकाबाईंनी मला शर्टावरच हलवलं. ठिणगी उडाली. खिशाच्या वर वाटाण्याएवढं भोक. माझी सगळी अब्रू त्या भोकातून गेली.

 योगेश आपल्या पट्ट्याकडे बघत राहिला. पट्टा अगदी बुटाच्या रंगाचा होता.

मग लंकाबाईंनी जे केलं, ते बघून माझे निखारे थिजले. गिऱ्हाइकाचा कपडा दुसऱ्याच्या अंगाला लागू द्यायचा नाही, हा आमचा धर्म. सणालासुद्धा नाही. त्यांनी गठ्ठ्यातून समोरच्याच इमारतीतल्या खंडेराव साहेबांचा पांढरा शर्ट काढला.

"घाल. संध्याकाळी आणून दे."

"कोणाचाय, मावशी?"

"माणसाचाच हाय. घाल."

शिवण बरोबर हाडावर बसली.

संध्याकाळी खंडेराव साहेब टपरीवर आले. मागे योगेश, मान खाली.

"लंकाबाई, आज माझा शर्ट माझ्यासमोर बसून माझ्याच प्रश्नांची उत्तरं देत होता."

"तुमचाच कशावरून?"

"तिसरं बटण निळ्या दोऱ्याने कोणी लावलं? पांढरा दोरा संपलाय म्हणाला होतात."

लंकाबाईंनी मला खाली ठेवलं. "चूक माझी हाय साहेब. त्याचा शर्ट मी जाळला. त्याला बोलू नका. पायजे तर मला कपडे देऊ नका."

ठिणगी माझी होती. मी गप्प बसले.

"मी त्याला विचारलं, शर्ट कुठून घेतलास," साहेब म्हणाले. "हा म्हणतो, माझा नाही सर, माझा सकाळी जळला. हा संध्याकाळी परत करायचाय, म्हणून टेकून बसलो नाही." त्यांनी आपल्या पोटावरून हात फिरवला. "सोमवारपासून येतोय तो. शर्ट त्यालाच राहू द्या. ते बटण मी दोन वर्षं श्वास रोखून लावत होतो."

"तरीच तुटलं," लंकाबाई म्हणाल्या.

सोमवारी योगेश काचेच्या दारातून आत शिरला. मी नीट बघितलं. दोन मजले. कदाचित अडीच.

तेव्हा मित्रांनो, पट्टा-बुटांचं तुम्ही बघून घ्या. माझं मागणं एवढंच, की शर्ट आदल्या दिवशी आणून द्या. आणि घालण्याआधी एकदा बटणं बघा. ती कोणीतरी लावलेली असतात.