वॉटरलू स्ट्रीटवरचं गाऱ्हाणं

बाबा सिंगापूरला आल्यापासून रोज सकाळी माझ्या पुस्तकांच्या शेल्फसमोर उभं राहून गाऱ्हाणं घालायचे. वरच्या कप्प्यात त्यांनी गावच्या देवाचा फोटो ठेवला होता, खालच्या कप्प्यात माझे केमिस्ट्रीचे ठोकळे. माझी फ्लॅटमेट ऋता पक्की पुणेकर. तिने एकदा हळूच विचारलं, "काका रोज सकाळी फोनवर कुणाशी बोलतात गं? मध्येमध्ये थांबून समोरच्याचं ऐकतात." मी हसत सुटले. म्हटलं, समोरचा म्हणजे देव, आणि भाषा मालवणी. एरवी बाबा माझ्याशी, ऋताशी, आमच्या बुकित बातोक वस्तीतल्या भाजीवाल्या चिनी अंकलशीसुद्धा शुद्ध मराठीत बोलायचे. मालवणी फक्त देवासाठी राखून ठेवलेली.

मला सोमवारी उत्तर द्यायचं होतं. इथलं पोस्टडॉकचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं आणि हातात दोन नोकऱ्या होत्या. एक मुंबईतल्या कॉलेजात शिकवायची, म्हणजे डोंबिवलीच्या घरी, बाबांजवळ राहून. दुसरी जपानमधल्या एका लॅबमध्ये. इंटरव्ह्यूला तिथे जाऊन आल्यापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं. पण आई गेल्यावर बाबा त्या घरात एकटेच होते. मी विचारून विचारून थकले. दर वेळी एकच उत्तर, "तुझं तू बघ. मला एकट्याला व्यवस्थित जमतं." जाऊ नको म्हणाले असते तर मी भांडून गेले असते, जा म्हणाले असते तर निश्चिंत गेले असते. 'तुझं तू बघ'चं मात्र धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं. मी मुळात चिडकी, त्यात हे.

रविवारी सकाळी त्यांना वॉटरलू स्ट्रीटच्या कृष्णाच्या देवळात नेलं. बूगिसच्या एमआरटी स्टेशनातून वर आलो आणि गाड्यांना बंदी असलेल्या त्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना छत्र्या, छत्र्यांखाली बादल्या, बादल्यांमध्ये मिटलेली कमळं. उदबत्त्यांचे जाडजूड गठ्ठे, वाळवलेली मुळं, हात बघणारे म्हातारे. धूर इतका की पुढचं माणूस आधी अंधुक दिसायचं, मग हळूहळू खरं व्हायचं.

"त्या जपानच्या गावातही अशीच गल्ली होती," मी सहज बोलून गेले. "स्टेशनपासून देवळापर्यंत. दोन्ही बाजूंना जुनी लाकडी दुकानं."

बाबा थांबले. "मला दाखव ती गल्ली."

"ती जपानमध्ये आहे, बाबा."

"मग इथेच दाखव. मी कुठे जपानला चाललोय?"

हट्टीपणा आमच्या घरात वारशाने मिळतो. मी दाखवायला लागले. म्हटलं, ही टिश्यूची पाकिटं विकणारी आजी बसलीय ना, तिथे एक माणूस निखाऱ्यांवर तांदळाच्या चकत्या भाजत बसतो. एकेक चकती चिमट्याने उलटतो, वरून ब्रशने सोया सॉस लावतो, आणि त्या करपट गोडसर वासाने अख्खी गल्ली भरून जाते. दुकानांच्या दारांना निळे अर्धे पडदे, आत जायचं तर डोकं वाकवावं लागतं. एका दुकानात नुसते लाकडी कंगवे, दुसऱ्यात नुसती लोणची, लाकडी पिंपांत मुरत घातलेली.

"लोणची कसली?"

"मुळ्याची, वांग्याची. एका बाईंनी मला चाखायला दिलं. आंबट, आणि मागून आपल्या कच्च्या मुळ्यासारखं तिखट."

"तुझ्या आईने रेसिपी मागितली असती."

"जपानीत?"

"खुणांनी. तिला काय अवघड होतं?"

आम्ही अगदी हळू चाललो होतो. मागून येणारे लोक आम्हाला वळसा घालून पुढे जात होते. सांगता सांगता मला खरंच ती गल्ली दिसायला लागली. उन्हाने पांढरा झालेला हा रस्ता कुठेतरी अरुंद झाला, डोक्यावर कागदी कंदील आले, पायांखाली दगडी फरशी आली. मी त्या दिवशी इंटरव्ह्यू आटोपून एकटीच त्या गल्लीतून चढत गेले होते. ओळखीचं कुणी नाही, भाषा येत नाही, तरी वाटत होतं की इथे मी उद्या सकाळी भाजी घ्यायला येईन आणि या लोणचीवाल्या बाई मला ओळखतील. लॅब तर हवीच होती, पण खरं सांगायचं तर मला ती गल्ली हवी होती. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, बाबांना सांगून बसले.

ते माझ्याकडे बघत होते. "मग शेवटी देऊळ?"

"शेवटी देऊळ. तिथे चिठ्ठी काढतात, भविष्याची. वाईट निघाली तर तिथल्याच तारेला बांधून टाकायची आणि निघून जायचं. घरी न्यायची नाही."

"शहाणी माणसं," बाबा म्हणाले. "कंगवेवाला कुठे राहिला मग? या बाजूला की त्या?"

मी डावीकडे बोट दाखवलं. तिथे पोट सुटलेल्या हसऱ्या बुद्धाचा मोठा पुतळा होता आणि लोक रांगेने त्याच्या पोटावरून हात फिरवत होते. बाबांनीही फिरवला. कंगवेवाल्याला नमस्कार केल्यासारखी मान हलवली आणि पुढे निघाले.

कृष्णाच्या दारात त्यांना नवल दिसलं. चिनी बायका रांगेने येत होत्या, कृष्णाला उदबत्ती ओवाळत होत्या, त्यांच्या पद्धतीने वाकत होत्या आणि शेजारच्या क्वान यिन या चिनी देवीच्या देवळात जात होत्या. इथे हे रोजचंच, मला सवय झालेली. बाबांनी दर्शन घेतलं, बाहेर आले आणि त्या बायकांच्या मागोमाग शेजारी निघाले.

"बाबा, तिकडे कुठे?"

"त्या आपल्या देवाकडे येतात. आपण त्यांच्याकडे जायला नको? माणुसकी म्हणून काही आहे की नाही?"

आत लाल गालिच्यावर माणसं गुडघे टेकून बसली होती. प्रत्येकाच्या हातात काड्यांनी भरलेलं नळकांडं, आणि ती खुळखुळवण्याचा आवाज घुमत होता. एक काडी आपोआप वर सरकते, खाली पडते, तिच्यावरच्या आकड्याची चिठ्ठी मिळते. पण आधी लाकडाचे दोन लाल तुकडे टाकून देवीला विचारायचं. एक उताणा आणि एक पालथा पडला तर होकार.

मी हे समजावलं तसे बाबांचे डोळे चमकले. "म्हणजे हे कौल लावतायत."

आमच्या गावी देवाच्या अंगावर पाकळ्या चिकटवून कौल लावतात. उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. बाबांच्या लहानपणी घर शाकारण्यापासून सोयरिकीपर्यंत सगळं असंच ठरायचं. माझा यावर काडीचा विश्वास नाही. पण बाबांनी ते लाल तुकडे हातात घेतले तेव्हा मी वाद घातला नाही.

"प्रश्न मनातल्या मनात विचारायचा," मी बजावलं.

"मनातल्या मनात? मग देवाला ऐकू कसं जायचं?"

"बाबा, प्लीज."

"बरं. फुलं राहिली बघ. रिकाम्या हाताने काय विचारणार? जा, ती कमळं घेऊन ये."

मला वाटेला लावतायत हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. मी बाहेर जाऊन कमळं निवडली. फुलवाल्या आंटीने विचारलं, "क्वान यिनला की कृष्णाला?" मी काही बोलायच्या आत तिनेच सांगितलं, "दोघांना सेम प्राइस, लाह."

परत आले तेव्हा बाबा गालिच्यावर गुडघे टेकून बसले होते. पाठ माझ्याकडे, हात जोडलेले, जोडलेल्या हातांत ते तुकडे. आणि खड्या आवाजात, अख्ख्या देवळाला ऐकू जाईल असं, त्यांचं गाऱ्हाणं चालू होतं.

"बा देवी महाराजा, नाव-गाव तुजा माका ठावक नाय. पण ज्या गावात पाय ठेवलंय, त्या गावचो देव तो आपलो. आमच्या देवाक साक्षीक ठेवन तुका सांगतंय रे महाराजा..."

आणि ते थांबले.

ऋता ज्याला फोनवरचं ऐकणं म्हणाली होती, ते हे थांबणं. गाऱ्हाणं एकट्याने घालायचं नसतं. एकाने घालायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वेळी 'व्हय महाराजा' म्हणायचं. डोंबिवलीला बाकीचे म्हणजे आई. बाबा देव्हाऱ्यासमोर, आई स्वयंपाकघरात, पोळ्या लाटता लाटता तिथून तिचा आवाज यायचा, व्हय महाराजा. आई गेली, पण बाबांनी तिची जागा भरली नव्हती की गाळलीही नव्हती. रोज सकाळी ते तिच्यासाठी तेवढं थांबत होते. मी शेजारच्या खोलीत कॉफी पीत हे ऐकत होते आणि हसत होते.

"माज्या चेडवाक जपानाक जावचा आसा. थयल्या गल्लीचा सांगताना तिचा तोंड मी आज बघलंय. माजी बेडी तिच्या पायात पडूक नको रे महाराजा..."

पुन्हा ती मोकळी जागा. काड्या खुळखुळत राहिल्या.

"मी तिका सांगलंय, माका एकट्याक जमता. जमणा नाय रे महाराजा. घरात शिरलंय काय घर खावक येता. ता तूच जमवन दी. पण तिका ह्या कळूक देव नको रे महाराजा..."

"व्हय महाराजा," मी म्हणाले.

माझ्या तोंडून ते निघून गेलं. बाबांची पाठ ताठ झाली. मान वळली नाही, पण जोडलेले हात जरा खाली आले. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, त्यांचा नाही, माझाच. मुंबईला जाते असं तिथल्या तिथे सांगावं असं वाटलं. ते मला फार सोपं गेलं असतं. पण बाबांनी घसा साफ केला. गाऱ्हाणं अर्धवट सोडायचं नसतं.

"जा काय वाकडा-तिकडा आसात, ता सरळ कर. आणि लेकराक माज्या सुखान धाड रे महाराजा..."

आता ते माझ्यासाठी थांबले होते. शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी नळकांडं हलवायचं थांबवून आमच्याकडे पाहिलं. मला बाबांची पाठ दिसत होती, मानेवर सैल झालेली शर्टाची कॉलर दिसत होती. आई असती तर तिने तो शर्ट कधीच बाद केला असता. 'व्हय' म्हटलं की हा माणूस त्या घरात एकटा परत जाणार होता, आणि ते मी म्हणणार होते.

"व्हय महाराजा." माझा आवाज जेमतेम फुटला.

"जोरात," बाबा पाठमोरेच म्हणाले, आता शुद्ध मराठीत. "तुझ्या आईचं पार स्वयंपाकघरातून ऐकू यायचं."

मी जोरात म्हणाले. देवळातली माणसं वळून बघायला लागली.

बाबा गुडघ्यांवर हात टेकून सावकाश उठले. त्यांनी माझ्या हातातली कमळं घेतली आणि ते लाल तुकडे, एकदाही न टाकलेले, माझ्या हातावर ठेवले.

"हे परत देऊन ये," ते म्हणाले. "मिळाला कौल."