टाकी भरल्याची घंटा

माणसाने आधी आग शोधली, मग चाक शोधलं, आणि गेल्या बुधवारी सकाळी साडेनऊ वाजता, नवीन पनवेलात, आमच्या जेवणाच्या टेबलावर तिसरी क्रांती झाली.

म्हणजे व्हायची होती. संगणक म्हणाला, बोर्ड सापडत नाही.

बोर्ड त्याच्या नाकासमोर होता! पत्त्यांच्या कॅटाएवढा, प्रोग्रॅम भरून यंत्रं चालवायचा इलेक्ट्रॉनिक तुकडा, केबलने संगणकाला जोडलेला, वर हिरवा दिवा लावून बसलेला.

या वयात मी या भानगडीत का पडलो? आमच्या सोसायटीत पंपाची किल्ली आठवडाभर एकेका घराकडे असते. माझ्या पाळीत गच्चीवरची टाकी दोनदा वाहिली आणि तळमजल्यावरच्या हेतलबेनच्या वाळत घातलेल्या पापडांवर धबधबा झाला. त्यावर सेक्रेटरी उदयसिंह मला म्हणाले, "काका, किल्ली आता कायमची आपल्या कमिटीतल्या तरुण मितेशकडे देऊ. तुम्ही आराम करा."

आराम करा! पस्तीस वर्षं मी वर्तमानपत्रात मंत्र्यांची टर उडवली, पण इतकं लागट कोणी बोललं नव्हतं. मी तिथेच जाहीर केलं, टाकी भरली की घंटा वाजवणारं यंत्र मी स्वतः बनवणार.

"रविवारी वाजली तर किल्ली तुमच्याकडे," उदयसिंह म्हणाले. "नाही वाजली तर मितेशकडे."

बोर्डाबरोबर आलेल्या पुस्तकातला पहिला धडा सोपा होता. बोर्डावरचा छोटा दिवा एक सेकंद लावा, एक सेकंद विझवा. प्रोग्रॅमच्या ओळी मी टाइप केल्या, यादीतून बोर्डाचं नाव निवडलं. पुढे पोर्ट, म्हणजे बोर्ड संगणकाच्या कुठल्या दारात लावलाय ते, निवडायचं होतं. ती ओळ फिकट पडलेली, कितीही दाबा, उघडायचं नाव नाही. जेवणाच्या सुट्टीतली सरकारी खिडकी बरी. संगणक तीनदा बंद करून चालू केला. सॉफ्टवेअर काढून पुन्हा घातलं. गुरुवारी दुपारी मी दुकानाला तक्रारीचं पत्र लिहायला घेतलं: 'आपण विकलेला बोर्ड बहिरा, मुका आणि उर्मट आहे.' पण पत्र रविवारच्या आत पोचणार नव्हतं, म्हणून फोन केला. अनुष्का नावाच्या मुलीने उचलला.

"काका, हिरवा दिवा लागतोय?"

"लागतोय. लाज असती तर लागला नसता."

"केबल कुठली लावलीत? बोर्डाबरोबर दिलेली?"

"छे! ती नवी आहे."

"मग?"

"नवी आहे म्हणून कपाटात ठेवलीय. जुनी चांगली असताना नवी कशाला काढायची?"

नव्या टॉवेलाने फक्त पाहुण्यांनी अंग पुसायचं, ही शिस्त तिच्या घरी नसावी.

"काका, मोबाईलची जुनी केबल ना? तिच्यातून नुसती वीज जात असेल. प्रोग्रॅम जायला आत वेगळ्या तारा लागतात. नवी लावून बघा."

मी कपाट उघडलं तशी सुमती, म्हणजे आमची पत्नी, धावत आली. "अहो, काढताय एकदाची? मग मी ते लग्नातले कपही काढते."

केबल लावली. पोर्टची ओळ उजळली. बटण दाबलं आणि दिवा लागला, विझला, लागला, विझला.

"एवढ्यासाठी दोन दिवस ओरडत होतात?" सुमती म्हणाली.

पाण्यावर तरंगणारा स्विच आणि घंटा जोडायला शनिवार उजाडला. रविवारी सकाळी सगळी कमिटी गच्चीवर जमली. खाली पंप सुरू केला. वीस मिनिटांनी घंटा अशी वाजली, की कर्नाळ्याचे पक्षी उडाले असतील. उदयसिंहांनी टाळ्या वाजवल्या. मितेशनेही वाजवल्या, जरा हळू.

मी खिशातून कागद काढला. चार दिवसांचा संताप मुद्देसूद लिहून आणला होता. पहिला मुद्दा, म्हाताऱ्यांना आराम सुचवणाऱ्यांची मनोवृत्ती. दुसरा, दुकानदारांनी केबलवर काय छापायला हवं. तिसरा, पुस्तक लिहिणाऱ्यांची जबाबदारी. घंटेच्या वर आवाज चढवून मी चौथ्या मुद्द्यावर आलो, तेवढ्यात खालून हेतलबेनची हाक आली.

"काका, घंटा छान वाजते हां! आता कोणीतरी पंप बंद करा ना."