एक तास आधी आलेला कवडसा

मी एक कवडसा बोलतोय. हो, उन्हाचा तो गोल तुकडाच. आपल्याला बोलता येतं हे मलाही नवीन आहे, तेव्हा कुठे चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा जन्म आळसातून झाला. ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात, खिडकीच्या वर एक्झॉस्ट फॅन होता. तो बिघडला म्हणून काढला. 'पुढच्या आठवड्यात नवीन बसवू' असं म्हणता म्हणता भिंतीतलं गोल भोक तसंच राहिलं आणि त्यातून मी आत आलो. तो पुढचा आठवडा अजून यायचाय.

समोर उंच टॉवर आहे. सूर्य त्याच्या वर आला की मगच मला प्रवेश मिळतो, आठच्या सुमारास. आधी फ्रिज, मग भिंत, मग डब्यांची फळी, मग ओटा, आणि मग मी संपतो. त्यामुळे या घराच्या फक्त सकाळी मला माहीत आहेत. इथली भांडणं सुरू होताना मी पाहिली आहेत, मिटताना कधीच नाही.

घर मंदाकिनीबाईंचं. त्या ताटातला रवा माझ्यात धरून अळ्या शोधायच्या. एवढाच माझा उपयोग. मग त्यांची नात मधु चालायला लागली आणि माझ्या मागे धावायला लागली. मला वाटीत भरून आजीला द्यायला निघायची. वाटी जायची, मी तिथेच. दर वेळी ती वाटीत डोकावून बघायची, आणि मलाही दर वेळी वाटायचं, या वेळी जमतंय का बघू.

मधुची आई वल्लरी. तिला काळजी करायला कारण लागत नाही. कारण मिळालं तर उलट बरं वाटतं. मधु अडीच वर्षांची झाल्यावर ती पुन्हा नोकरीला लागली, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये. पहिल्या दिवशी ती मधुची नजर चुकवून निघून गेली. मधुने मला डब्यावर पाहिलं, दाखवायला वळली, "आई!" म्हणाली, आणि आई नव्हती. त्यानंतर कितीतरी दिवस तिने आईला बाथरूमलाही एकटं जाऊ दिलं नाही.

मग दोघींमध्ये करार झाला. कवडसा लाल झाकणाच्या डब्यावर आला की आई टाटा करणार. त्याआधी नाही, आणि चोरून तर कधीच नाही. हळूहळू मधुच "आला!" म्हणून ओरडू लागली, पर्स ओढत आणून आईच्या हातात देऊ लागली. रडणं थांबलं.

आता तुम्हाला म्हणून सांगतो, मी काही फार भरवशाचा नाही. सूर्य दिवसागणिक थोडा थोडा सरकतो तसा मीही सरकतो. वल्लरीच्या ते लक्षात आलं. अधूनमधून ती डबा बोटाने जरासा ढकलायची आणि कुणी पाहिलं का, ते बघायची. मी पाहायचो. गप्प राहायचो.

अशात एका रविवारी वरच्या मजल्यावरचे हरिहरकाका चहाला आले. त्यांचं वागळे इस्टेटमध्ये छोटं वर्कशॉप आहे आणि तिथल्या कारखानदारांच्या मंडळातही ते आहेत.

"एप्रिल, मे, जून. अख्ख्या वागळे इस्टेटचं घड्याळ एक तास पुढे. बस!" काका बशीत चहा ओतत म्हणाले. "याला म्हणतात उन्हाळी वेळ. माझ्या मुलाकडे, सलिलकडे, अमेरिकेत दर वर्षी करतात. दुपार तापायच्या आत काम उरकतं, संध्याकाळी माणूस उजेडात घरी. उजेड वाचतो हो!"

मी कान टवकारले. वाचतो? म्हणजे मला साठवणार? कशात? मला मधुची वाटी आठवली.

"आमच्या हॉलमधलं घड्याळ आधीच दहा मिनिटं पुढे आहे," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "मग ते एक तास पुढे करायचं, की पन्नास मिनिटं?"

"आणि मी कल्याणला जातो त्याचं काय?" वल्लरीचा नवरा मुकुल म्हणाला. "तिकडे जुनीच वेळ. म्हणजे या घरात आठ दोनदा वाजणार."

"म्हणून तर म्हणतो, अख्ख्या जिल्ह्याने करावं!"

दारात जनी टोपली उतरवत होती. कोळीवाड्यातून मासे घेऊन ती दर रविवारी येते. "काका, खाडीला कलवलंव काय?" तिने विचारलं. "भरती तुमचा घड्याल बघून येल काय?"

"हसू नकोस गं जने."

"हसू नको तं काय करू? हलवा घ्या. जुन्या टायमाचा हाय, पन ताजा हाय."

सगळे हसले. काका मात्र वल्लरीकडे वळले. "तू तिथलीच. उद्या मंडळात माझ्या बाजूने चार लोकांची मतं मांडायची आहेत. तुला काही अडचण?"

मी तेव्हा नेमका लाल झाकणावर होतो. वल्लरीने माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं.

"नाही... चालेल की," ती म्हणाली, आणि धुतलेला कप पुन्हा धुवायला लागली.

काका गेल्यावर मुकुल म्हणाला, "बोलली का नाहीस?"

"काय बोलू? आमच्या डब्यावर ऊन पडेपर्यंत थांबा? अख्खी इस्टेट हसेल."

"हसू दे ना."

"तुला काय जातंय, तू कल्याणच्या वेळेत." मग ती हळू आवाजात म्हणाली, "अरे, रोज ती मला सोडते. मी तिला सोडून जात नाही, ती मला सोडते. आता मी पुन्हा पळून गेल्यासारखी जाणार."

पुढचं मला ऐकू आलं नाही. मी ओट्यावरून उतरलो होतो.

उन्हाळी वेळ ठरली, प्रयोग म्हणून. "एक एप्रिललाच सुरू करतायत," मुकुल म्हणाला. "अंगाशी आलं तर गंमत केली म्हणता येईल." वल्लरीने डबा फ्रिजवर ठेवून पाहिला, खिडकीत ठेवून पाहिला. व्यर्थ. तिच्या नव्या आठला मी घरात नसतोच.

मग असतो कुठे? हे मला कधी कुणी विचारलंच नव्हतं. मी जिन्यात असतो. त्या बाजूला टॉवर नाही. जाळीतून येतो आणि यांच्या दारासमोर लादीवर लोळत पडतो.

एक एप्रिलच्या सकाळी वल्लरी पर्स घेऊन दाराबाहेर आली, तेव्हा आतून मधुचा आवाज येत होता. "आला नाही! आई, अजून आला नाही!" आवाज रडण्याच्या अगदी काठावर होता. वल्लरी चपलेत पाय घालता घालता थांबली. मी तिच्या पावलावर होतो. तिने मला पाहिलं.

तिने घाईघाईने पर्समधून पोळीचा डबा काढला, त्याचं स्टीलचं झाकण ओढणीने पुसलं आणि माझ्यासमोर धरलं.

आयुष्यात पहिल्यांदाच मला कुणीतरी हाताला धरून घरात नेत होतं. मी आधी छताला गेलो. मग मंदाकिनीबाईंच्या तोंडावर. "अगं, डोळ्यात जातंय!" मग फ्रिज, भिंत, फळी, आणि शेवटी लाल झाकण. तिथे मी थरथरत उभा राहिलो.

मधु फळीकडे धावली. जवळ जाऊन तिने मला नीट पाहिलं.

"हा हलतो," ती म्हणाली.

"हो ना. का बरं हलत असेल?" आजीने विचारलं.

मधु दाराकडे वळली. दारात आई होती. झाकण दोन्ही हातांत धरून उभी, पकडल्यासारखा चेहरा. पण लपलेली नव्हती.

"हा आईचा आहे," मधु म्हणाली. मग हात हलवला. "टाटा."

तासाभराने मी माझ्या नेहमीच्या वाटेने आत आलो. मधु फळीखाली बसली होती.

"आई गेली," तिने मला बातमी दिली. "तू झोपला होतास."

उन्हाळी वेळ चांगली की वाईट, हे मला अजून कळलेलं नाही. हरिहरकाका आणि मंदाकिनीबाई रोज त्यावर वाद घालतात, आणि काल मुकुल चुकीच्या आठला उठला. उजेड साठतो का, तेही माहीत नाही. वाटीत तरी नाही साठत. पण हातात झाकण असेल आणि तिकडे कुणी वाट बघत असेल, तर तो थोडासा लवकर आणता येतो, एवढं मी स्वतः पाहिलंय.

नव्या एक्झॉस्ट फॅनचं खोकं आता टेबलाखाली येऊन बसलंय. माझं भोक बंद होणार. बसवा तुम्ही फॅन, माझी तक्रार नाही. फोडणीचा धूर मीही सोसलाय. फक्त सकाळी जिन्याचं दार जरा वेळ उघडं ठेवा.

आणि वल्लरी, झाकण पुसताना कडाही पुसत जा. काल लोणच्याचं तेल राहिलं होतं.