माणसं बसवून माप

चष्मेवाले ट्रेलर घेऊन परत दारात आले तेव्हा त्यांचा चेहरा पार उतरला होता, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

त्यांचं चष्म्याचं दुकान माझ्या गॅरेजच्या भिंतीला भिंत लावून होतं. जागामालकानं ती जागा काढून घेतली. शहाण्या माणसानं दुसरी शोधली असती. यांनी भलतंच खूळ डोक्यात घेतलं. ट्रेलरमध्ये दुकान थाटायचं, तो गाडीला जोडायचा आणि जिथे चष्म्याचं दुकान औषधालाही सापडत नाही अशा गावांमधून फिरत राहायचं. परत कधी येणार, असं विचारलं की ते स्वतःच्या चष्म्याच्या काचा पुसायला घ्यायचे.

मी ट्रेलरचे जोड बसवते. गाडीच्या मागे लोखंडी गोळा असतो, त्यावर ट्रेलरची मान बसते, आणि दोन्ही बाजूंच्या पट्ट्या साखळ्यांनी ताणून धरायच्या म्हणजे वजन सगळ्या चाकांवर नीट वाटलं जातं. हे काम मूळचं अण्णांचं, माझ्या वडिलांचं. त्यांचे पाय गेल्यापासून मी ते करते आणि ते वरच्या खिडकीत बसून करवून घेतात. आजारी माणसासारखे कण्हत पडले असते तर माझं आयुष्य सोपं झालं असतं. पण आवाज ठणठणीत आणि नजर अशी की माझा पाना चुकीच्या बोल्टला लागला तर आधी त्यांना कळतं. मात्र खाटेवरून खुर्चीत आणि खुर्चीतून खाटेवर न्यायचं तर मीच लागते. बाकी कुणाला ते अंगाला हात लावू देत नाहीत.

"काय झालं?" मी विचारलं.

"मोठ्या रस्त्यावर शेपूट हलवतोय," चष्मेवाले म्हणाले. "जरा वेग घेतला की मागून कुणी गदागदा हलवतंय असं वाटतं. जीव मुठीत धरून परत आलो."

"मग जाऊ नका."

मी हे गमतीत म्हणतेय असं वाटावं म्हणून मी हसलेसुद्धा. तेही हसले. इतकी वर्षं आमचं हेच चालत आलं होतं. खरं ते हसण्यावारी न्यायचं आणि चहा मागवायचा.

ट्रेलरचं दार उघडलं तर काच घासायचं मशीन अगदी दाराशी. दोघांनी मिळून सरकवावं लागेल असलं धूड.

"हे इथे कुणी ठेवलं?"

"मीच. दार उघडलं की लोकांना दिसावं म्हणून."

"दिसेल की. तुम्ही रस्त्याकडेच्या खड्ड्यात पडलेलेही दिसाल. अहो, सगळं वजन चाकांच्या मागे गेलं की मान हलकी होते. मग गाडी ट्रेलरला ओढत नाही, ट्रेलर गाडीला खेळवतो."

"आणि तो गोळा खाली घे," वरून अण्णा म्हणाले. "ट्रेलर नाक वर करून उभा आहे, दिसत नाही का तुला?"

दिसत होतं. पण अण्णांच्या आधी बोलायचं मला अजून जमलेलं नाही.

आम्ही दोघांनी मशीन चाकांच्या पुढे सरकवलं आणि पट्टे बांधून पक्कं केलं. मग मी गाडीखाली शिरून गोळ्याची पट्टी एक भोक खाली घेतली. घामानं माझा चष्मा नाकावरून घसरत होता. मी बाहेर आले तशी चष्मेवाल्यांनी तो माझ्या डोळ्यांवरून काढला, काड्या बोटांनी जराशा वाकवल्या आणि परत माझ्या कानांमागे बसवला. हे ते नेहमी करायचे. त्या एवढ्याशा कामासाठी मी कितीदा काड्या मुद्दाम फाकवून त्यांच्याकडे गेले असेन, ते माझं मला ठाऊक. उद्यापासून चष्मा घसरला तर घसरू दे, असं मी मनाशी म्हटलं आणि मला एकदम रडू फुटेलसं वाटलं.

"आता गाडीत बसा," मी म्हणाले. "जेवढी माणसं प्रवासाला असतील तेवढी बसवूनच माप घ्यायचं. रिकाम्या गाडीचं माप खोटं पडतं. तुम्ही एकटेच ना?"

त्यांनी काचा पुसायला घेतल्या. "दोघं."

कोपऱ्यावरच्या शिंपीणबाई मला आठवल्या. त्यांचे डोळे चांगले खणखणीत, तरी महिन्यातून दोनदा तपासून घ्यायच्या. मी पाना खाली ठेवला, तो जरा जोरातच ठेवला गेला.

"मग बोलवा दुसऱ्या माणसाला. हवेचं माप घेता येत नाही मला."

"वजन तुमच्याएवढंच आहे. तुम्हीच बसा ना."

बसले. काम म्हणजे काम. ते चालवायच्या जागी, मी शेजारी. अण्णांनी वरून नजर लावली. त्यांच्या नजरेपुढे टेप काय करणार?

"तू कशाला बसलीस?" त्यांनी विचारलं.

"दुसऱ्या माणसाच्या बदली."

"कोण दुसरं?"

"मला काय माहीत?"

"बरं. गाडी पुढून वर आहे. दोन्हीकडे एकेक कडी आवळ."

मी उतरले, साखळी एका कडीनं ताणली, परत बसले. अजून वर. परत उतरले. अशी माझी चढ-उतार चालली, आणि दर वेळी दार लावून त्यांच्या शेजारी बसले की वाटायचं, आता अण्णांनी लवकर काही बोलू नये. पण अण्णांना कामात दिरंगाई खपत नाही. "गाडी मापात बसली," ते म्हणाले. "आता पळवून बघ."

मोठ्या रस्त्याला लागल्यावर चष्मेवाल्यांनी वेग घेतला. सुरुवातीला दोन्ही हात चाकावर घट्ट. मग एका मोठ्या ट्रकनं आम्हाला ओलांडलं, त्याचा वारा अंगावर आला, तरी मागे काही हाललं नाही. त्यांचे खांदे खाली आले. मी आरशात पाहिलं, ट्रेलर मुकाट मागून येत होता. दोन्ही बाजूंना मोकळं माळरान होतं. मला परत वळायचं नव्हतं. कुठलंही गाव चाललं असतं. मी पाट्या रंगवल्या असत्या, म्हातार्‍या माणसांना अक्षरं वाचायला उभं केलं असतं, काहीही केलं असतं.

वळायच्या जागी त्यांनी गाडी कडेला घेतली आणि बंद केली.

"दुसरं कुणी नाही," ते म्हणाले. "तुम्हालाच विचारायचं होतं. तोंडानं जमेना. म्हटलं, आधी बसवून तर बघावं."

हे ऐकायला मी किती वर्षं कान लावून होते. आणि ऐकल्यावर मी एकच शब्द बोलले.

"अण्णा."

"त्यांना विचारून तर बघा."

"विचारलं तर ते 'जा' म्हणतील. हसत हसत म्हणतील. आणि मग कुणाला हात लावू देणार नाहीत, त्या खाटेवरच पडून राहतील. म्हणून तर विचारायचं नाही."

त्यांनी वाद घातला नाही. घातला असता तर मी हरले असते, आणि हे त्यांना समजायला हवं होतं, असं मला अजूनही वाटतं.

"मग एकट्याच्या मापानं लावून द्या," ते म्हणाले आणि गाडी वळवली.

गॅरेजसमोर मी उतरले. ते एकटे आत बसून राहिले, इंजिन चालूच. मी साखळीपाशी वाकले. माझ्या जागेचं वजन गेल्यामुळे गाडी पुढून बोटभर उचलली होती. एकेक कडी आवळली की झालं. तसं न आवळताही काही बिघडणार नव्हतं. पुढच्या सीटवरच्या एका माणसानं एवढा फरक पडत नाही, चालवणाऱ्याला कळतही नाही. तरी माप ते माप, असं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत आले आहे.

मी पाना बाजूला ठेवला आणि त्यांच्या खिडकीशी गेले.

"हलणार नाही," मी म्हणाले. "तसंच राहू दे."

त्यांना समजलं. त्यांनी माझ्याकडे इतका वेळ पाहिलं की मलाच मान खाली घालावी लागली.

"येतो," ते म्हणाले.

"या," मी म्हणाले.

गाडी हळूहळू गल्लीतून निघाली. वरून अण्णांचा आवाज आला.

"अगं, थांबव त्याला. पुढून वर आहे. दोघांचं लावून दिलंयस आणि बसलाय एकटाच."

"माहीत आहे."

"माहीत आहे म्हणजे? दुसरं माणूस कुठंय?"

कामाच्या बाबतीत मी अण्णांशी कधी खोटं बोललेले नाही.

"खाली उभी आहे, अण्णा."

मी फडक्यानं हात पुसत राहिले. वर पाहायचा मला धीर होईना.

"मग हाक मार ना त्याला," अण्णा म्हणाले.

मी कोपऱ्याकडे पाहिलं. गाडी मोठ्या रस्त्याला वळत होती, आणि तिच्या मागून ट्रेलर जराही न हलता वळून गेला.