भिंतीकडची फट

हायब्रीड फ्लोरिंग म्हंजे काय, ते आता मला विचारा. कुरुंद्यात माह्याइतकं त्याच्यापायी कोणी डोकं फोडून घेतलं नसंल.

आमचे हे, पुंजाजी, जन्मभर गवंडी. बैठकीतली चकचकीत टाईल ह्यांनीच बसवली, अन् गेल्या पावसाळ्यात ओल्या पायानं तिच्यावरच आपटले. मांडीचं हाड मोडलं. नांदेडला नेऊन रॉड टाकला. दिवाळीनंतर डॉक्टर म्हणले, हाड बराबर जुळलं, आता चालवा यांला. पण चालते कोण? टाईलकडं पाहिलं की हे पाय वर ओढून घ्यायचे. वॉकर कोपऱ्यात, हे खाटेवर, अन् भांडं उचलायला मी! माणसानं आपल्या पायानं संडासला जावं, एवढंच माहं मागणं होतं.

हिंगोलीला नोकरीवर असलेलं आमचं पोरगं, बुद्धभूषण, म्हणलं, "माय, टाईल फोडायची गरज न्हाई. वरूनच हायब्रीड टाकू. पाय घसरत न्हाई त्याच्यावर."

वसमतचा फहीम फळ्या घेऊन आला. दिसायला सागवान, आत दगडाची भुकटी अन् प्लास्टिक. मी म्हणलं, "लाकूड न्हाई, फरशी न्हाई, मग हे हाय तरी काय?"

"दोन्हीचं मिळून हाय, मावशी. म्हणून तर हायब्रीड."

"हायब्रीड ज्वारीची भाकर कधी गोड लागली का?" हे खाटेवरून बोलले. झालं! सुरुवातच अशी.

फहीम फळीत फळी अडकवत गेला. सिमेंट न्हाई, गोंद न्हाई. भिंतीपाशी मात्र चारी बाजूनं करंगळीएवढी फट ठेवली.

"ही काहून सोडली?" ह्यांनी विचारलं.

"उन्हाळ्यात फळ्या पसरतेत, काका. त्यांला जागा लागते. वरून पट्टी बसते, ती संपली. आठ दिवसांत आणून लावतो."

गेला तो गेलाच. मी फोन करकरून थकले. फटीतून मुंग्या निघायल्या. अन् ह्यांचं रोजचं एकच तुणतुणं, "फट ठेवून जाणारा कारागीर असते का? मला तर मालकानं पुन्हा दारात उभं केलं नसतं. आधी ती बुजू दे, मग चालतो." नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

मग हळदीचे दिवस आले. मी लखमाबाईच्या शेतात हळद शिजवायला गेले, दिवस मावळता परत आले. बघते तर चारी भिंतींकडची फट पांढऱ्या सिमेंटनं बंद!

"फहीम येऊन गेला का?"

"हं," हे म्हणले.

मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू! "आता तरी उतरा," म्हणलं, तर भिंतीकडं तोंड करून झोपले. दुसऱ्या दिवशी पुन्हा भांडं, पुन्हा मी.

एप्रिलात ऊन तापलं. एका दुपारी बैठकीच्या मधोमध फळ्या वर उचलल्या, तव्यावरची भाकर फुगावी तशा. मी फोनवर फहीमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. "मुडद्या, माह्या माणसाला चालवायला फरशी टाकली का पाडायला?"

तवा कुठं तो पळत आला. भिंतीपाशी बसला, कपाळावर हात मारून घेतला.

"मावशी, कसम से, ये मैंने नहीं किया. मी तर परत आलोच न्हाई. फट बुजवल्यावर फळीनं पसरावं कुठं? वरच येणार ना!"

"तू न्हाई, मग काय भूत आलं होतं?"

"हात तर गवंड्याचा दिसून राहिला," फहीम हळूच म्हणला.

मी खाटेकडं पाहिलं. हे छत बघून राहिले होते. वाकून खाटेखाली पाहिलं तर ह्यांची थापी, पांढरं सिमेंट वाळून बसलेली. माह्या अंगाची लाही लाही झाली.

"म्हंजे उतरता येते तुमाला! कपाटामागं जाऊन सिमेंट भरता येते! अन् मी भांडं उचलून राहिले इतके दिवस? लाज न्हाई वाटली?"

फहीम उगाच फळ्या चाचपायला लागला.

"काम होतं तवा उतरलो, पद्मा," हे म्हणले. "भेव ध्यानातच आलं न्हाई. काम सरलं. मग कशाला उतरू?"

रागानं मला रडू येऊन राहिलं होतं. ज्या फरशीवर ह्यांनी चालावं म्हणून एवढी तकलीफ घेतली, तिचा इचका करायलाच तेवढे हे चालले!

"सिमेंट काढलं की बसतील फळ्या," फहीम म्हणला. "मी काढतो."

"तू हात लावू नको. ज्यानं भरलं तो काढंल."

मी ह्यांची छन्नी अन् हातोडी नेऊन पार पलीकडच्या भिंतीपाशी ठेवली. वॉकर आणून खाटेला लावला.

"धर की जरा," हे म्हणले.

"त्या दिवशी कोणी धरलं होतं?"

ह्यांनी माह्याकडं असं पाहिलं की जाळूनच टाकतेत. मग एक पाय खाली आला. दुसरा आला. फुगलेल्या फळ्यांना वळसा घालून, फहीमच्या नावानं बडबडत, हे भिंतीकडं निघाले.

मी खाटेखालचं भांडं काढलं, घासलं अन् मागच्या दारी उन्हात पालथं घातलं.